रेसच्या घोड्याचे नाव: अर्ज परत येऊ नये म्हणून काय करावे आणि कोणत्या क्रमाने

पुण्याचे रेसकोर्स एका बाजूला, हैदराबादचे दुसऱ्या बाजूला आणि आपले सोलापूर मधोमध. इथले मालक बहुधा भागीदारीत घोडा घेतात. घोडा राहतो ट्रेनरकडे, नाव मात्र ठरते सोलापुरात, घरी किंवा दुकानाच्या गल्ल्यावर. ते ठरते देवनागरीत. मग ते घरात रुळते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपला लागते, पेढे वाटले जातात आणि त्यानंतर अर्ज जातो. अर्ज परत आला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा हा प्रकार आहे.

नाव परत येण्याची कारणे ठरलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक घरबसल्या आधीच पकडता येतात. त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी कागद, मग तारखा, मग यादी, मग रोमन स्पेलिंग, मग नियमांची चाळणी, मग शोध, मग कानाची परीक्षा आणि सगळ्यात शेवटी अर्ज. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. एखादा टप्पा सोपा वाटला तरी वगळू नका.

## टप्पा १: घोडा कोणता आणि नाव देण्याचा हक्क कोणाचा

रेसकोर्सवर धावणारा घोडा थरोब्रेड असतो, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या, नोंदलेल्या वंशावळीच्या जातीचा. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची नोंद पुण्यातली स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते आणि नावही तिथेच नोंदले जाते. अकलूजच्या घोडेबाजारात घेतलेला मारवाडी किंवा काठेवाडी घोडा वाऱ्यासारखा पळत असला तरी त्याची वंशावळ या नोंदीत नसते, त्यामुळे त्याचे नाव तिथे जात नाही. त्याला हवे ते नाव ठेवा, त्यावर कुणाची हरकत नाही. हा लेख त्याच्यासाठी नाही.

थरोब्रेड असेल तर हातात त्याचा पासपोर्ट (ओळखीची पुस्तिका) घ्या आणि पुढच्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा: बापाचे नाव, आईचे नाव, जन्माचे वर्ष, रंग, नर की मादी, मायक्रोचिपचा क्रमांक. बाप आणि आई यांच्या नावांचे स्पेलिंग वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या, पुढे यादी करताना ते लागेल. नाव न दिलेले शिंगरू विक्रीच्या कॅटलॉगमध्ये बाप आणि आई यांच्या नावांनीच ओळखले जाते. तिथे तिसरे नाव छापलेले दिसले तर थांबा. ब्रीडरने, म्हणजे पैदास करणाऱ्याने, आधीच नाव नोंदवून ठेवलेले असू शकते.

नाव असलेला घोडा घेतला असेल तर पहिला प्रश्न हा की तो एकदा तरी धावला आहे का. धावला नसेल तर नाव बदलण्याची विनंती करता येते आणि त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. धावला असेल तर तो मार्ग जवळजवळ बंद झाला असे समजा. व्यवहार करण्यापूर्वी हे विचारायचे असते. पैसे दिल्यानंतर विचारून उपयोग नाही.

तपासा: मालकी तुमच्या नावावर चढली आहे का? टर्फ क्लबकडे (रेस भरवणाऱ्या संस्थेकडे) मालक म्हणून तुमची नोंद झाली आहे का? घोडा भागीदारीत असेल तर अर्जावर सही कोण करणार, हे सर्वांनी लेखी ठरवले आहे का? चौघांनी चार नावे चार ठिकाणी सांगून ठेवणे ही भागीदारीतली नेहमीची चूक आहे. ट्रेनरच्या ऑफिसला नाव एकानेच आणि लेखीच कळवायचे.

## टप्पा २: तारखा उलट्या मोजा

नाव मंजूर झाल्याशिवाय घोडा रेसमध्ये उतरवता येत नाही. पुण्याचा मोसम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मुंबईच्या महालक्ष्मीचा नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. आपल्याकडे घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. शिंगरू मार्चमध्ये जन्मलेले असो वा एप्रिलमध्ये, नव्या वर्षाला त्याचे वय एक वर्षाने वाढते. दोन वर्षांचे घोडे पहिल्यांदा धावतात ते साधारणपणे वर्षाच्या उत्तरार्धात.

ट्रेनरला विचारा की पहिली रेस कधी धरली आहे. तिथून मागे येत दोनदा नाव परत येईल एवढा वेळ हाताशी ठेवा. घोडा नुकताच तबेल्यात आला असला तरी यादीचे काम सुरू करायला हरकत नाही. शेवटच्या आठवड्यात ठरलेली नावे ओळखू येतात. ती कुणालाच आवडलेली नसतात, फक्त कुणाची हरकत नसते.

## टप्पा ३: एक नाव नको, यादी करा

एका नावावर जीव अडकला की माणूस बाकीच्या टप्प्यांत डोळेझाक करतो. म्हणून सुरुवातीलाच पंधरा-वीस नावे कागदावर येऊ द्या. १९७३ साली अमेरिकेचा ट्रिपल क्राउन (तीन मोठ्या रेसचा एकत्रित मान) जिंकणाऱ्या सेक्रेटरिएट या घोड्याला ते नाव मिळाले ते आधी पाठवलेली बरीच नावे परत आल्यावर. पसंतीत मागे असलेल्या नावालाच पुढे मान मिळाल्याचे हे एकच उदाहरण नाही.

नावे कुठून आणायची? सगळ्यात चांगली जागा म्हणजे घोड्याचे आई-बाप. बापाचे नाव पॉलिनेशियन, आईचे गेशा, आणि मुलाचे नाव नेटिव्ह डान्सर. पॅसिफिकमधली बेटे आणि नाचणारी स्त्री ही दोन्ही चित्रे मुलाच्या नावात उतरली, पण आई-बापाच्या नावातले एक अक्षरही उचलले नाही. दोन नावे मधोमध कापून जोडण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सरस आहे. कापून जोडलेल्या नावाला अर्थ नसतो, ते लक्षात राहत नाही आणि तसेच जोडकाम आणखी कुणी केलेले असण्याची शक्यता दाट असते.

समजा बापाच्या नावात वाऱ्याचा धागा आहे आणि आईच्या नावात पहाटेचा. मराठीत पहाटवारा, पहाटझुळूक, भल्या पहाटे अशी नावे सुचतील. सगळी लिहून ठेवा. निवड अजून दूर आहे.

दुसरी जागा म्हणजे आपला मुलूख. नान्नजचा माळढोक, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी, शहरातला भुईकोट, भीमा आणि सीना या नद्या. या नावांना आपली माती आहे, आणि बाहेरच्या मालकाला ती सुचण्याची शक्यता कमी असल्यामुळे ती मोकळी सापडण्याची शक्यता जास्त. मला स्वतःला माळढोक हे नाव फार आवडते. तो माळावर धावत सुटून मग हवेत उठणारा पक्षी आहे आणि नावही आटोपशीर आहे. ते सगळ्या टप्प्यांतून टिकते का ते पुढे पाहू.

सावधान: श्रद्धेची नावे यादीत घालू नका. ग्रामदैवत, गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, वारी, रिंगणातला माउलींचा अश्व ही आपल्यासाठी पूजेची नावे आहेत. रेसकोर्सवर त्या नावावर भाव लागतात, ते नाव शेवटून पहिले आले म्हणून छापले जाते, हरलेला माणूस त्याला शिव्याही घालतो. धार्मिक भावना दुखावू शकणारी नावे नियमांतही बसत नाहीत. तसेच पुण्याला जाणाऱ्या गाडीवरून हुतात्मा एक्स्प्रेस हे नाव कुणालाही सुचेल. रोमनमध्ये ते जागेसकट १५ अक्षरांत बसते. पण ती गाडी ज्यांच्या नावाने धावते ते १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आहेत. अक्षरांत बसते म्हणून नाव शोभते असे नाही.

## टप्पा ४: रोमन स्पेलिंग आधी पक्के करा

अर्ज परत येण्याच्या निम्म्या गोष्टी इथे घडतात, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या.

नोंद रोमन लिपीत होते. मर्यादा आहे १८ चिन्हांची. त्यात शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जाते. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे, त्यामुळे ती पुण्यापुरती नाही. आपण मराठी माणसे मनातल्या मनात देवनागरी अक्षरे मोजतो आणि फसतो. चंद्रभागेचे वाळवंट: देवनागरीत मोजले तर नऊ अक्षरे. रोमनमध्ये पहिल्या शब्दाची १५, दुसऱ्याची ७ आणि मधली एक जागा मिळून २३. पाच जास्त. नाव बाद.

मोजण्याची पद्धत एकच ठेवा. चौकटींची वही घ्या, एका ओळीत १८ घरे आखा आणि प्रत्येक घरात एक रोमन अक्षर लिहा. दोन शब्दांमध्ये एक घर रिकामे सोडा. नाव ओळीबाहेर गेले तर ते नाव नाही. १९४३ सालची पहिली इंडियन डर्बी जिंकणाऱ्या प्रिन्सेस ब्युटिफुलचे नाव या घरांत लिहून पाहा. पहिला शब्द ८, जागा १, दुसरा शब्द ९. बरोबर १८, शेवटचे घर भरून ओळ संपते. एल्युसिव्ह पिंपरनेल हे आपल्याकडचे गाजलेले नाव १७ घरे घेते. म्हणजे लांब नाव चालत नाही असे नाही, मोजलेले नाव चालते.

अपॉस्ट्रॉफीही एक घर खाते, हे विसरू नका. घोडा परदेशी गेल्यावर नावामागे कंसात जी देशाची खूण लागते, ती मात्र नावाचा भाग नाही. ती मोजायची नाही आणि अर्जात लिहायचीही नाही.

आता मोजणीपेक्षा अवघड भाग: एकाच मराठी शब्दाची अनेक रोमन रूपे. दख्खन घ्या. मधल्या जोडाक्षरासाठी कुणी के-एच-के-एच लिहील, कुणी के-के-एच, कुणी नुसते के-एच. तिन्ही बरोबर वाटतात. यांतले एक निवडून ते कागदावर ठळक लिहा आणि त्या दिवसापासून सर्वत्र तेच वापरा. बाकीची रूपे फेकू नका, शोधाच्या टप्प्यात ती लागणार आहेत.

स्पेलिंग निवडताना मी चार गोष्टी पाहतो.

पहिली, मराठी न येणारा माणूस ते कसे वाचेल. ज्ञ असलेला शब्द आपण डी-एन-वाय असा लिहितो. बेंगळुरूच्या किंवा कोलकात्याच्या माणसाची जीभ तिथेच अडखळते. असा शब्द शक्यतो टाळा.

दुसरी, आत लपलेला इंग्रजी शब्द. रातवारा हे नाव सरळ लिहिले तर सुरुवातीला आर-ए-टी ही तीन अक्षरे येतात आणि वाचणाऱ्याला आधी उंदीर दिसतो. दोन्ही ठिकाणी ए दुप्पट केला की नाव ९ घरांत बसते आणि उंदीर निघून जातो.

तिसरी, ळ आणि ढ. रोमनमध्ये ळ चा ल होतो आणि ढ चा ध वाचला जातो. माळढोक लिहिला की ७ अक्षरे, पण कॉमेंटेटर बहुधा मालधोक म्हणणार. तुम्हाला ते चालणार असेल तर नाव ठेवा. कानाला खटकणार असेल तर आत्ताच सोडा, नंतर प्रत्येक रेसला खटकत राहील. मला चालेल असे वाटते, कारण चुकीच्या उच्चारातूनही मूळ नाव ओळखू येते.

चौथी, अंकशास्त्रासाठी जादा अक्षरे. एखादा ए किंवा एन वाढवून घेणारे मालक पुष्कळ आहेत. वाढवायचे असेल तर मोजणीच्या आधी वाढवा. मंजुरीनंतर एक अक्षर बदलणे म्हणजे नवे नाव मागणे.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन रकाने भरले आहेत का? निवडलेले स्पेलिंग, एकूण घरे, आणि इतर संभाव्य स्पेलिंग.

## टप्पा ५: नियमांची चाळणी

आता यादी चाळा. जे नाव पुढीलपैकी एकाही जाळीत अडकते, त्यावर काट मारा. मन वळवायला सबबी शोधू नका, कारण तपासणारा त्या ऐकणार नाही.

आकडे चालत नाहीत. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी आहे, पण घोड्याच्या नावात ३५ नको, १ नको आणि मधली आडवी रेघही नको. नुसते मालदांडी ठेवा, ८ अक्षरे होतात. सातबारा हे नाव अक्षरांत लिहिले तर ७ घरे, पण आकडे आणि तिरकी रेघ घालून लिहिले तर बाद. आवडत्या घोड्याच्या नावामागे दोन किंवा तीन लावून दुसरा काढणेही चालत नाही.

पूर्णविराम, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह, आडवी रेघ यांतले काही नको. नाव अक्षरानेच सुरू झाले पाहिजे. नुसती आद्याक्षरे म्हणजे नाव नव्हे. चार भागीदारांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून जे तयार होते ते आद्याक्षरांचे नाव म्हणून परत येऊ शकते. ते जोडून वाचता येण्याजोगा खरा शब्द होत असेल तरच पुढे न्या.

प्रसिद्ध व्यक्तीचे नाव हवे असेल तर त्या व्यक्तीची, किंवा हयात नसेल तर कुटुंबाची, लेखी संमती लागते. नेता, खेळाडू, नट, गायक, सगळे यात आले. ओळखीतून नक्की मिळेल, या भरवशावर अर्ज करू नका. पत्र हातात आल्यावरच नाव यादीत घ्या.

व्यापारी नावांचे तसेच. चेतक हे नाव जवळजवळ प्रत्येक घोडेवाल्याच्या मनात पहिले येते. ते इतके वापरात आहे की मोकळे सापडणे कठीण, शिवाय ते स्कूटरचेही नाव आहे. सोलापुरी चादर रोमनमध्ये १८ घरांत सहज बसते, पण त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यामागे विणकरांचा धंदा आहे. अशा नावाला व्यापारी अर्थ लागतो, म्हणून दूर राहा. स्वतःच्या दुकानाचे नाव घोड्याला देऊन फुकट जाहिरात करण्याचा विचारही इथेच अडतो.

अश्लील, अपमानकारक, जातिवाचक, धर्म किंवा पक्ष यांना डिवचणारे नाव नको. यात अर्थ, उच्चार आणि स्पेलिंग असे तिन्ही पाहतात. लिहिताना सभ्य दिसणारे नाव भराभर उच्चारल्यावर शिवी होत असेल तर तेही बाद.

अमेरिकेत नावाच्या शेवटी फिली, कोल्ट, मेअर असे शब्द चालत नाहीत. आपणही घोडा, घोडी, शिंगरू हे शब्द टाळलेले बरे. निदान सहा घरे वाया जातात आणि नाव मोठे होत नाही.

## टप्पा ६: नाव मोकळे आहे का ते शोधा

शोध तीन ठिकाणी घ्यायचा.

पहिले ठिकाण स्टड बुकच्या नोंदी. निवडलेले स्पेलिंग टाका, मग वहीतली बाकीची रूपे एकेक करून टाका. दुप्पट ए काढून पाहा, व्ही च्या जागी डब्ल्यू टाकून पाहा, दोन शब्द जोडून आणि तोडून पाहा. हा शोध कंटाळवाणा आहे, पण इथेच बहुतेकांचे काम कच्चे राहते. स्पेलिंग वेगळे असले तरी उच्चार सारखा असेल तर नाव अडते. याला सबळ कारण आहे. एकाच रेसमध्ये सारख्या कानाची दोन नावे आली तर कॉमेंटरी ऐकणारा, भाव पुकारणारा आणि तिकीट फाडणारा असे सगळेच गोंधळतात.

दुसरे ठिकाण आंतरराष्ट्रीय संरक्षित नावांची यादी. घोडेशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. सेक्रेटरिएट, नॉर्दर्न डान्सर, फ्रँकेल यांसारखी नावे आता जगात कुठेही दुसऱ्या घोड्याला मिळत नाहीत. त्यांना अगदी जवळचे नावही मागू नका.

तिसरे ठिकाण जुनी रेसकार्डे (धावणाऱ्या घोड्यांच्या छापील याद्या) आणि ट्रेनरची आठवण. अनुभवी ट्रेनर नाव ऐकताच सांगतो की अशी एक घोडी हैदराबादला पळत होती. त्याचे ऐका.

सावधान: तो घोडा तर मेला, आता नाव मोकळे झाले, असे गृहीत धरू नका. घोडा गेल्यावरही नाव काही वर्षे राखलेले असते, आणि ज्याची संतती चालू आहे त्याचे तर आणखी बराच काळ. कारण वंशावळीत एकाच नावाचे दोन बाप किंवा दोन आया आल्या तर पुढची सगळी नोंद संशयास्पद होते.

## टप्पा ७: कानाची आणि चार भाषांची परीक्षा

आता यादीत सात-आठ नावे उरली असतील. हा टप्पा सोलापूरकराला जितका सोपा आहे तितका दुसऱ्या कुणाला नसेल. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा आपल्या एका शहरात बोलल्या जातात, आणि घोडा धावणार आहे तो पुणे-मुंबईत, हैदराबादेत किंवा बेंगळुरूत.

प्रत्येक नाव मोठ्या रोमन अक्षरांत वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्याला, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मित्राला आणि घरात उर्दू बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाला चिठ्ठी दाखवा. तोंडाने नाव सांगू नका. त्यांना वाचू द्या आणि ऐका. मग विचारा, तुमच्याकडे याचा काही वेगळा अर्थ होतो का?

असे का करायचे ते दोन उदाहरणांत कळेल. मित्रांच्या अड्ड्यावरून कुणी कट्टे हे नाव सुचवले. रोमनमध्ये लिहिल्यावर कन्नड माणूस ते कत्ते असेही वाचू शकतो, आणि कन्नडमध्ये कत्ते म्हणजे गाढव. डोंगराची राणी हे नाव आटोपशीर करायला कुणी शेवटची अक्षरे कापून डोंगा राणी केले, तर हैदराबादेत ते दोंगा वाचले जाईल, आणि तेलुगूत दोंगा म्हणजे चोर. दोन्ही नावे मराठीत निर्दोष आहेत. चिठ्ठी न दाखवता ही गोष्ट कळली नसती.

त्यानंतर पुकारा. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कॉमेंटेटर कसा बोलतो तसे, एका श्वासात, दुसऱ्या तीन घोड्यांच्या नावांमध्ये घालून आपले नाव म्हणून पाहा. सहा-सातपेक्षा जास्त तुकड्यांत उच्चारावे लागणारे नाव इथे गळते. सोलापूरची राणी रोमनमध्ये जागेसह १५ घरांत बसते, पण घाईत म्हणताना ची आणि रा एकमेकांत मिसळतात. मालदांडी मात्र स्पष्ट ऐकू येते, कारण त्यातल्या दां वर आवाज ठामपणे पडतो. माळढोकही टिकतो, उच्चार बदलला तरी.

फोनचीही परीक्षा घ्या. गावातल्या एखाद्याला फोन करा, नाव एकदाच सांगा आणि त्याला रोमनमध्ये लिहून फोटो पाठवायला सांगा. तो तुमच्या स्पेलिंगच्या जवळ आला तर उत्तम. तिघांनी तीन वेगळी रूपे पाठवली तर पुढे छापण्यातही तसाच घोळ होणार आहे.

## टप्पा ८: अर्ज

उरलेल्या नावांतून सहा निवडा आणि पसंतीचा क्रम लावा. अमेरिकेच्या जॉकी क्लबकडे एका वेळी सहा नावे देता येतात. आपल्या अर्जात जेवढी जागा असेल तेवढी भरा आणि बाकीची राखीव ठेवा. पहिल्या दोन जागा एकाच नावाच्या दोन स्पेलिंगला देऊ नका. पहिले उच्चारावरून नाकारले गेले तर दुसरेही त्याच कारणाने जाते आणि एक पर्याय फुकट जातो.

नावे मोठ्या छापील रोमन अक्षरांत लिहा, शक्यतो टाईप करा. मराठी, कन्नड किंवा तेलुगू शब्द असेल तर त्याचा सरळ अर्थ एका ओळीत सोबत द्या. तपासणाऱ्याला शब्द माहीत नसेल तर तो शंका काढणारच, आणि शंकेचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. मालदांडी असेल तर लिहा: सोलापूर जिल्ह्यात पिकणारे ज्वारीचे वाण. संमतीपत्र लागत असेल तर ते त्याच वेळी जोडा.

बऱ्याचदा अर्ज ट्रेनरचे ऑफिस भरते. तिथे फोनवर नाव सांगणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी सवय आहे. सांगणारा मराठीत सांगतो, लिहिणारा कानाला आले तसे लिहितो, आणि तेच मंजूर होऊन येते. नाव लेखी पाठवा, अर्जाची भरलेली प्रत पाठवायच्या आधी मागून घ्या आणि अक्षरावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवा. मोठी भागीदारी असेल तर दुसऱ्या भागीदारालाही तेच करायला लावा.

तपासा: बाप-आईची नावे पासपोर्टशी जुळतात का, मायक्रोचिप क्रमांक बरोबर आहे का, सही ठरलेल्या माणसाचीच आहे का, शुल्काची पावती जोडली आहे का. नाव निर्दोष असूनही अर्ज अडतो तो बहुधा यांतल्या एखाद्या गोष्टीवर.

## टप्पा ९: उत्तर आल्यावर

नाव नाकारले तर आधी कारण विचारा. उच्चाराचे साम्य असेल तर स्पेलिंग बदलून पुन्हा तेच मागण्यात अर्थ नाही, पुढच्या नावाकडे वळा. अर्थाबद्दल शंका असेल तर अर्थाची ओळ अधिक स्पष्ट करून विनंती करता येते. संमती नसल्यामुळे अडले असेल तर पत्र येईपर्यंत ते नाव बाजूला ठेवा.

नाव मंजूर झाले तर पेढ्यांची घाई अजूनही नको. पासपोर्टवर नाव चढले की तो उघडून तिथले स्पेलिंग तुमच्या वहीतल्या घरांशी जुळवा. चूक आढळली तर त्याच दिवशी लेखी कळवा. घोडा धावला नसेपर्यंत दुरुस्तीला वाव असतो. मग पहिल्या एंट्रीच्या वेळी रेसकार्डात काय छापले आहे ते पाहा. ट्रेनर, सईस आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना तेच स्पेलिंग पाठवा. तबेल्यात हाक मारायला सोन्या, बाळ्या काहीही चालेल, घोड्याला त्याने फरक पडत नाही. फक्त ते लाडाचे नाव कुठल्याही कागदावर, विम्याच्या किंवा डॉक्टरच्या फॉर्मवर जाऊ देऊ नका. तिथे मंजूर नाव आणि मायक्रोचिप क्रमांक एवढेच लिहायचे.